रात्रीच्या जॉबचा मेल येईना झाला की काय काय बघायचं

"सर, दोन दिस झाले, मेल काही येईना बघा."

लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानातून मला हा फोन वर्षातून दोन-तीनदा येतो. उदगीरच्या एका डाळमिलमधून येतो, औशाकडच्या एका पतसंस्थेतूनही येतो. मांडणी सगळीकडे सारखीच असते. एखादा जुना डेस्कटॉप नाहीतर भाड्याचा क्लाउड सर्व्हर, त्यावर लिनक्स, रात्री दोनला क्रॉन (ठरल्या वेळी ठरलेलं काम, म्हणजे जॉब, चालवणारा प्रोग्रॅम) बॅकअप घेणार आणि दुकान उघडायच्या आत तो झाल्याचा मेल येऊन पडलेला असणार. मेल आला नाही की मुनीमजी धरून चालतात की बॅकअपच बंद पडला. बहुतेक वेळा बॅकअप झालेला असतो, मेल वाटेत अडकलेला असतो. पण उलटंही पाहिलंय: मेल रोज वेळेवर येतोय आणि बॅकअपची फाईल शून्य बाइटची. म्हणून सगळ्यात आधी बॅकअपच्या फोल्डरमध्ये जाऊन आजची फाईल आहे का आणि ती कालच्याएवढी आहे का ते बघा. नसेल तर मेलचं राहू द्या, आधी बॅकअप.

खाली कमांडी आणि लॉगमधले संदेश उच्चाराप्रमाणे लिहिलेत. टाइप करताना नेहमीच्या इंग्रजी अक्षरांत करा.

लक्षणं

फोनवर मी पहिल्यांदा एवढंच विचारतो, यातलं तुमचं कोणतं?

- मेल एका दिवशी अचानक पूर्ण बंद झाला.
- स्क्रिप्ट (जॉबच्या कमांडींची फाईल) हाताने चालवली की मेल येतो, रात्री क्रॉनमधून येत नाही.
- मेल येतो, पण भलत्याच वेळी. दोनच्या ऐवजी सकाळी साडेसातला.
- फक्त लाइट गेलेल्या रात्रीचाच मेल गायब असतो.
- लॉगमध्ये 'सेंट' लिहिलंय, मेल मात्र कुठेच नाही.
- सर्व्हरवर लॉगिन केलं की 'यू हॅव मेल' असं दिसतं.
- ऐन हंगामात, दसरा-दिवाळीच्या सुमारास मेल बंद होतो आणि पुढे आपोआप सुरू होतो.

शेवटचं लक्षण वाचून हसू नका. मला त्यानेच सगळ्यात जास्त फिरवलंय.

सर्व्हरला हात लावण्याआधी

स्पॅम फोल्डर बघा. मग मेलच्या शोधपट्टीत 'क्रॉन डीमन' टाका, कारण क्रॉनने स्वतः धाडलेल्या मेलवर पाठवणाऱ्याचं नाव तेच असतं. कुणीतरी कंटाळून फिल्टर लावलेला असतो आणि मेल दुसऱ्याच लेबलखाली साठत असतात.

नंतर खात्यातली जागा बघा. जीमेलच्या मोफत खात्याला १५ जीबी मिळतात आणि त्यात मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं आलं. डाळमिलच्या मालकांनी घरातल्या लग्नाचे फोटो त्याच खात्यावर चढवले होते. खातं भरलं आणि येणारा प्रत्येक मेल परत जायला लागला. मी मात्र तासभर सर्व्हर उपसत बसलो होतो.

जॉब चालला तरी का?

क्रॉनटॅब म्हणजे क्रॉनच्या जॉबची यादी. 'क्रॉनटॅब -एल' करून जॉबची ओळ जागेवर आहे का बघा, आणि ज्या युजरच्या नावाने जॉब आहे त्याच युजरने बघा. रूटचा (मशीनच्या मुख्य युजरचा) क्रॉनटॅब वेगळा, तुमचा वेगळा. मग लॉग. उबुंटू-डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर '/व्हार/लॉग/सिसलॉग'मध्ये किंवा 'जर्नलसीटीएल -यू क्रॉन' करून, रेडहॅटच्या घराण्यात '/व्हार/लॉग/क्रॉन'मध्ये. दोनच्या वेळेला 'सीएमडी' असलेली ओळ दिसली म्हणजे क्रॉनने जॉब सुरू केला. तो पार पडला की नाही हे ती ओळ सांगत नाही. एवढा फरक लक्षात ठेवा.

ओळच नसेल तर त्या वेळी मशीन चालू होतं का ते 'लास्ट रीबूट'ने बघा. आपल्याकडे रात्रीची लाइट जाणं नवीन नाही. दोनला मशीन बंद असेल तर साधा क्रॉन तो जॉब नंतर चालवत नाही, ती रात्र गेली ती गेली. रोजचा जॉब अ‍ॅनाक्रॉनकडे दिला किंवा सिस्टमडी टायमरमध्ये 'पर्सिस्टंट=ट्रू' लिहिलं तर मशीन चालू झाल्यावर राहिलेलं काम होतं.

ओळ आहे पण साडेसातची आहे, तर घड्याळ जागतिक वेळेवर आहे. क्लाउड सर्व्हर सहसा तसेच मिळतात आणि आपण साडेपाच तास पुढे. 'टाइमडेटसीटीएल'ने वेळक्षेत्र एशिया/कोलकाता करा आणि क्रॉन रीस्टार्ट करा. रीस्टार्ट विसरलात तर तो जुन्याच वेळेने चालत राहतो.

क्रॉनकडे पाठवायला काही होतं का?

क्रॉन मेल पाठवतो तो जॉबने पडद्यावर काही छापलं तरच. जॉब गुपचूप झाला तर मेल नाही, आणि हा बिघाड नव्हे, तसंच ठरलेलं आहे. ओळीच्या शेवटी '> /डेव्ह/नल २>&१' असेल तर छापलेलं सगळं कचऱ्यात, आउटपुटही गेलं आणि चूक झाल्याचा संदेशही गेला. रोजच्या मेलला वैतागून कुणीतरी हे जोडतं आणि सहा महिन्यांनी मेल का येत नाही म्हणून मला फोन करतं. खरं सांगायचं तर दोनदा ते मीच जोडलं होतं.

मग क्रॉनटॅबमधलं मोठ्या अक्षरांतलं 'मेलटू' (मेल कुणाला जायचा तो पत्ता) बघा. ते रिकाम्या अवतरणचिन्हांत असेल तर मेल मुद्दाम बंद केलेला आहे. पत्ता असेल तर अक्षर न् अक्षर वाचा. आणि ते क्रॉनटॅबमध्ये कुठे लिहिलंय तेही बघा, कारण ते फक्त स्वतःच्या खालच्या ओळींना लागू होतं. वर असलेल्या जॉबचा मेल त्या युजरच्या नावाने, म्हणजे सर्व्हरवरच जातो.

हाताने चालतं, क्रॉनमधून नाही

इथे जरा थांबू, कारण पोरं सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवतात. स्क्रिप्ट दहा वेळा हाताने चालवतात, दहाही वेळा मेल येतो, मग क्रॉनला शिव्या देतात.

पहिली गोष्ट, क्रॉनला तुमचा पाथ (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी) माहीत नसतो. त्याच्याकडे बहुधा '/यूएसआर/बिन' आणि '/बिन' एवढंच असतं. 'सेंडमेल' हा प्रोग्रॅम राहतो '/यूएसआर/एसबिन'मध्ये. म्हणजे स्क्रिप्टमध्ये नुसतं 'सेंडमेल' लिहिलं असेल तर तुमच्या हाताला तो सापडतो, क्रॉनला नाही. पूर्ण पाथ लिहा. शेलही (कमांडी चालवणारा प्रोग्रॅम) वेगळा असतो. क्रॉन '/बिन/एसएच' वापरतो, आणि उबुंटूवर तो बॅश नसून डॅश आहे. बॅशच्या खास लकबी तिथे चालत नाहीत.

दुसरी गोष्ट टक्क्याच्या चिन्हाची. मेलच्या विषयात तारीख यावी म्हणून आपण क्रॉनटॅबच्या ओळीतच 'डेट +%एफ' लिहितो. टर्मिनलवर ते बिनबोभाट चालतं. पण क्रॉनटॅबमध्ये % म्हणजे 'कमांड इथे संपली'. पुढचा भाग कमांडला इनपुट म्हणून दिला जातो. मेल पाठवायची सूचना त्या पुढच्या भागात असेल तर ती कधी चालतच नाही. ओळखायचं कसं? लॉगमधल्या 'सीएमडी'च्या ओळीत कमांड 'डेट +' पाशी तुटलेली दिसते. प्रत्येक % च्या आधी उलटा स्लॅश द्या, नाहीतर सगळं स्क्रिप्टमध्ये टाकून क्रॉनटॅबमध्ये फक्त स्क्रिप्टचं नाव ठेवा. मी दुसरंच करतो.

आणखी दोन बारीक गोष्टी. क्रॉनटॅबच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर हवाच. आणि डेबियन-उबुंटूवर '/इटीसी/क्रॉन.डेली'मध्ये 'बॅकअप.एसएच' अशी टिंब असलेल्या नावाची फाईल ठेवली तर ती मुकाट्याने वगळली जाते. नुसतं 'बॅकअप' नाव ठेवा.

मेल नेणारा कुणी आहे का?

क्रॉन स्वतः मेल पोहोचवत नाही, तो सेंडमेल नावाच्या प्रोग्रॅमच्या हातात देतो. नव्या उबुंटू सर्व्हरवर तो मुळात नसतोच. मग सिसलॉगमध्ये 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट' अशी ओळ येते, म्हणजे मेल नेणारा प्रोग्रॅम (एमटीए) नाही म्हणून मेल टाकून दिला. पोस्टफिक्स हा मेल नेणारा प्रोग्रॅम घाला आणि पुढे चला.

इथे काहीजण हलका म्हणून एमएसएमटीपी घालतात. पुण्या-मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये तो ठीक आहे, मोंढ्यातल्या दुकानात मी घालत नाही. कारण एमएसएमटीपीला रांग नाही. त्या क्षणी नेट असेल तर मेल गेला, नसेल तर मेल संपला. आपल्याकडे लाइट गेली की सर्व्हर यूपीएसवर तगतो, पण गल्लीच्या कोपऱ्यावरचा केबलवाल्याचा डबा बंद पडतो. सर्व्हर चालू, बॅकअप झाला, नेट नाही. वर दिलेलं 'लाइट गेलेल्या रात्रीचाच मेल गायब' हे लक्षण बहुतेक वेळा हेच असतं. पोस्टफिक्स तो मेल रांगेत धरून ठेवतो आणि नेट आलं की पाठवतो. तो जरा जड आहे, पण धीर धरणारा आहे.

रांग आणि लॉग

आता 'मेलक्यू' द्या. रांग रिकामी असेल तर मेल एकतर गेलाय किंवा आलाच नव्हता. रांगेत मेल असतील तर प्रत्येकाखाली कंसात कारण लिहिलेलं असतं. ते कारण वाचा. लोक रांग बघतात, कारण वाचत नाहीत आणि सर्व्हर रीस्टार्ट करतात. सविस्तर हवं असेल तर '/व्हार/लॉग/मेल.लॉग', रेडहॅटकडे '/व्हार/लॉग/मेललॉग'.

'स्टेटस=सेंट' दिसलं म्हणून आनंदू नका, त्याच ओळीत 'रिले=' (मेल कुणाच्या हाती दिला) पुढे काय आहे ते बघा. तिथे 'लोकल' असेल तर मेल बाहेर गेलाच नाही, सर्व्हरवरच्याच '/व्हार/मेल'मध्ये जाऊन पडलाय. लॉगिन करताना दिसणारं 'यू हॅव मेल' ते हेच. '/इटीसी/अ‍ॅलियासेस'मध्ये रूटच्या पुढे तुमचा खरा पत्ता लिहा आणि 'न्यूअ‍ॅलियासेस' चालवा. ते चालवलं नाही तर लिहिलेलं वाया. रिलेमध्ये बाहेरच्या मेल सर्व्हरचं नाव असेल तर तुमचं काम झालं, पुन्हा स्पॅम आणि फिल्टरकडे वळा.

'कनेक्शन टाइम्ड आउट' आणि सोबत पोर्ट २५ (मेल थेट बाहेर जायचं दार) दिसला तर तुमची काहीच चूक नाही. घरगुती ब्रॉडबँडवर आणि बऱ्याच क्लाउडवर स्पॅमच्या भीतीने बाहेर जाणारा २५ बंद ठेवलेला असतो. थेट पाठवायचा नाद सोडा. पोस्टफिक्सच्या 'रिलेहोस्ट'मध्ये एखाद्या खात्याचा सर्व्हर ५८७ पोर्टासकट द्या आणि युजरनेम-पासवर्डने पाठवा.

५३५ आकड्याने सुरू होणारा नकार म्हणजे पासवर्ड पटला नाही. जीमेलने ३० मे २०२२ पासून खात्याचा नेहमीचा पासवर्ड अशा कामाला घेणं बंद केलं. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो. आणि खात्याचा मूळ पासवर्ड बदलला की जुने अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात. पतसंस्थेत ऑडिटच्या आधी साहेबांनी 'सुरक्षेसाठी' पासवर्ड बदलला आणि त्याच रात्रीपासून मेल थांबला. अचानक पूर्ण बंद झालेल्या मेलमागे बहुधा असंच काही असतं, म्हणून मी आता फोनवरच विचारतो, पासवर्ड कुणी बदलला का? नवा पासवर्ड फाईलमध्ये लिहिल्यावर 'पोस्टमॅप' चालवायला विसरू नका, आणि त्या फाईलची परवानगी ६०० ठेवा. तो पासवर्ड कुणालाही वाचता यायला नको.

'नो मेकॅनिझम अव्हेलेबल' आलं तर पासवर्ड बरोबरच असतो, लॉगिनची लायब्ररी घातलेली नसते. डेबियनवर 'लिबएसएएसएल२-मॉड्यूल्स', रेडहॅटवर 'सायरस-एसएएसएल-प्लेन'. दोन मिनिटांचं काम.

४ ने सुरू होणारा नकार म्हणजे 'नंतर या', ५ ने सुरू होणारा म्हणजे 'येऊच नका'. चारवाला पोस्टफिक्स स्वतःच पुन्हा पुन्हा पाठवून बघतो, मूळ सेटिंगवर पाच दिवस. तेवढ्यात जमलं नाही तर मेल परत फिरतो, आणि परत फिरलेली सूचना जाते कुणाकडे? ज्याने पाठवला त्याच्याकडे, म्हणजे त्याच सर्व्हरवरच्या रूटकडे. वर सांगितलेलं अ‍ॅलियासचं काम केलेलं नसेल तर ती सूचना कुणीच वाचत नाही.

हंगामातला मेल

आता ते शेवटचं लक्षण. आडत दुकानाची स्क्रिप्ट दिवसभराच्या पट्ट्या (मालाच्या हिशोबाच्या पावत्या) झिप करून मेलला जोडायची. उन्हाळ्यात दिवसाला दहा-वीस पट्ट्या, मेल सुरळीत. ऑक्टोबरात नवं सोयाबीन मोंढ्यात आलं की पट्ट्यांचा ढीग, आणि मेल बंद. हंगाम ओसरला की परत चालू. दोन वर्षं मी नेटला दोष दिला. मग लॉगमध्ये 'मेसेज फाईल टू बिग' दिसलं. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइटची आहे, आणि जोडलेली फाईल मेलमध्ये बसवताना तिचा आकार एक तृतीयांशाहून थोडा जास्तच फुगतो. म्हणजे सात-साडेसात एमबीच्या पुढची झिप जात नाही. मर्यादा वाढवता येते, पण समोरच्याचीही असते, जीमेलची २५ एमबी. मी फाईल जोडणंच बंद केलं. आता मेलमध्ये फक्त फाईलचं नाव, आकार आणि शेवटच्या चार ओळी येतात.

डिस्क आणि घड्याळ

'डीएफ -एच' आणि 'डीएफ -आय', दोन्ही बघा. जागा शिल्लक असूनही आयनोड (फाईलींच्या नोंदीच्या जागा) संपलेले असू शकतात. पोस्टफिक्स बंद पडलेला असताना क्रॉन मेल देतच राहतो, आणि '/व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/मेलड्रॉप'मध्ये बारक्या बारक्या हजारो फाईली साठतात. त्या डोळे झाकून पुसू नका. पोस्टफिक्स चालू केला की त्या बाहेर पडायला लागतात.

जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाची बटणासारखी बॅटरी असते. ती मेली की लाइट गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं. मग समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासणारे प्रोग्रॅम 'प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही' म्हणून जोडणी नाकारतात, आणि नेट येऊन घड्याळ एकदम पुढे उडालं की मधली वेळ क्रॉन सोडून देतो. 'टाइमडेटसीटीएल'मध्ये तारीख बघा आणि क्रोनी (नेटवरून घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) चालू ठेवा. बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते.

इथे हात थांबवा

रांगेत तुम्ही न पाठवलेले, अनोळखी पत्त्यांचे शेकडो मेल दिसले तर सर्व्हर कुणीतरी ताब्यात घेतलाय असं समजा. नेटची वायर काढा, काही पुसू नका, सुरक्षेचं काम करणाऱ्या माणसाला बोलवा. रांग रिकामी केलीत तर तपासायला काही उरत नाही.

लॉगमध्ये डिस्कबद्दल 'इनपुट/आउटपुट एरर' येत असेल तर मेलचा विषय तिथेच सोडा. मशीन पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका. आधी डेटा दुसरीकडे घ्या, आणि ते जमत नसेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

५५० ५.७.२६ असा नकार म्हणजे तुमच्या डोमेनची ओळख पटली नाही, एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी) चुकलंय. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल याबाबत सगळ्यांशीच कडक आहे. डोमेन एकट्या तुमचं असेल तर शिकून करा. पण त्याच डोमेनवर सगळ्या संस्थेचा मेल चालत असेल तर डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींत) हात घालू नका. एक अक्षर चुकलं तर बॅकअपच्या मेलसोबत अध्यक्षांचाही मेल बंद होतो. ज्याने ते डोमेन बांधलं त्यालाच बोलवा, चार पैसे गेले तरी चालतील.

झालं का ते बघायला

दुरुस्तीनंतर रात्री दोनची वाट बघू नका. क्रॉनटॅबमध्ये दर मिनिटाला नुसतं 'डेट' छापणारी ओळ घाला, 'मेलटू'च्या खाली. दोन-तीन मिनिटांत मेल यायला लागले म्हणजे सगळी वाट मोकळी आहे.

आणि ती ओळ लगेच काढा. मी एकदा दुपारी तीनला घातली, कुणीतरी चहाला बोलावलं आणि विसरलो. जीमेलच्या मोफत खात्यावरून दिवसाला साधारण ५०० मेल जातात. ते रात्री साडेअकराच्या आतच संपले, दोनच्या बॅकअपचा मेल गेलाच नाही, आणि सकाळी नऊला मुनीमजींचा फोन आला.